मर्यादवेल

कोकणात पुळणीवर भरतीचे पाणी जिथे थांबते, त्याच्या वरच्या अंगाला एक वेल पसरलेली असते. पाने दसऱ्याला आपण लुटतो त्या आपट्यासारखी, फुले जांभळट गुलाबी. तिचे नाव मर्यादवेल. समुद्राने इथवर यावे, पुढे नाही! मराठीच्या मास्तराला आणखी काय हवे?

पण हे नुसते काव्य नव्हे. वाऱ्याने वर येणारी कोरडी वाळू ही वेल अडवते, तिच्याखाली गाडली जाते, पेरापेराला मुळे सोडून पुन्हा वर येते. असा वाळूचा उंचवटा वाढत जातो. दापोली तालुक्यात केळशीला तर घराहून उंच टेकडी आहे. पावसाळ्यात खवळलेल्या लाटा या उंचवट्यातली वाळू ओढून नेतात, ती थोड्या अंतरावर पाण्याखाली साचते आणि पुढच्या लाटा तिच्यावरच फुटतात. हिवाळ्यात शांत लाटा तीच वाळू परत आणून देतात. जुन्या गृहिणीने डब्यात बाजूला ठेवलेल्या पैशांसारखा हा व्यवहार आहे.

या वेलीला खारे पाणी सोसते, ऊन सोसते. माणसाचे पाय सोसत नाहीत. सुटीत आपण मंडळी उतरल्या घरापासून समुद्रापर्यंत जवळची वाट काढतो. वेल तुटते, वाळू उघडी पडते, वारा त्या फटीत शिरून ती रुंदावतो, आणि पुढच्या पावसात लाट त्याच वाटेने आत येते. त्यात मोटारी फिरवण्याची हौस, आणि खोलीतून समुद्र दिसावा म्हणून उंचवटाच सपाट करणे! किनारा खचण्याला रेतीउपशासारखी आणखीही कारणे आहेत, हे खरे. करमणुकीसाठी या टेकड्यांत फेरफार करण्यास १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेनेच मनाई केली. २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांनीही त्यांना संरक्षण दिले. वाळूवर उभ्या असलेल्या मोटारी मोजल्या की त्या कागदांचे वजन कळते.

गेल्या नाताळात दापोलीकडे आम्ही एका आजींच्या घरी उतरलो होतो. त्यांच्या वाडीतल्या शेवटच्या ओळीतल्या माडांची मुळे उघडी पडली आहेत. दोन माड तर गेलेच. पाऊस सरताच त्यांनी समोरच्या फटीत सुकलेल्या झावळ्या रोवल्या होत्या. पायथ्याशी वीतभर वाळू धरली होती, वेलीचे चार कोंबही दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो झावळ्या नाहीत. रात्री कुणा हौशी मंडळींनी त्यांची शेकोटी केली होती.

आजी राखेकडे बघत म्हणाल्या, "कोंब तेवढे ठेवलेन हो." आणि गड्याला हाक मारून त्यांनी नव्या झावळ्या काढायला सांगितल्या.