विकत घेतलेला खेळ नक्की कोणाचा?

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ मोबाइल ॲपवर बंदी घातली. त्यांत पबजी मोबाइल होता. जुलै २०२१ मध्ये तो बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये ॲपच्या दुकानांतून पुन्हा नाहीसा झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. बंदीमागची कारणे राष्ट्रीय सुरक्षेची होती आणि ती योग्य होती की नव्हती, हा वेगळा विषय आहे. खेळणाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर या येण्याजाण्यातून एकच गोष्ट स्पष्ट होते. ज्या खेळावर त्यांनी महिनोन्महिने वेळ घालवला, ज्यातल्या पोशाखांसाठी आणि शस्त्रांसाठी पैसे मोजले, तो खेळ त्यांच्या हातात कधीच नव्हता. तो दूरच्या सर्व्हरवर होता आणि सर्व्हरचे दार उघडण्याचा वा लावण्याचा अधिकार इतरांकडे होता. सरकारी आदेश नसला तरी हेच घडते. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २०१४ मध्ये ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा गेम विकला आणि ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद केले. एकट्याने खेळण्याचा भागही सर्व्हरशिवाय चालत नसल्याने, पूर्ण किंमत देऊन घेतलेला गेम त्या दिवसापासून निरुपयोगी झाला. ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा विचार गेमच्या संदर्भात करायचा तो इथून. ‘फुकट मिळते’ हा त्याचा सर्वांत छोटा गुण आहे. मोठा गुण हा की, बनवणाऱ्याने हात काढून घेतल्यावरही ते वापरणाऱ्याकडे उरते.

संगणकाचा प्रत्येक प्रोग्राम माणसाने लिहिलेल्या मजकुरातून तयार होतो. त्याला सोर्स कोड म्हणतात. बहुतेक कंपन्या हा मजकूर स्वतःजवळ ठेवतात आणि ग्राहकाला फक्त संगणकाला समजेल असे तयार रूप देतात. ओपन सोर्समध्ये मूळ मजकूरही खुला असतो. तो वाचण्याची, बदलण्याची आणि बदललेले रूप पुढे वाटण्याची परवानगी परवान्यातच लिहिलेली असते. कॅरम बोर्ड बनवणारा कारखाना बंद पडला म्हणून घरातल्या सोंगट्या नाहीशा होत नाहीत. डिजिटल गेमच्या बाबतीत मात्र आपण बोर्ड घेत नाही, खेळू देण्याची परवानगी घेतो आणि ती परवानगी मागे घेता येते. ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम या सर्वांत मोठ्या संगणक-गेमच्या दुकानात पैसे भरतानाच तशी सूचना दिसते: तुम्ही खरेदी करता तो उत्पादनाचा परवाना आहे. कॅलिफोर्निया राज्याने डिजिटल विक्रीबाबत केलेल्या कायद्याच्या पार्श्वभूमीवर ही सूचना आली. ती प्रामाणिक आहे, पण तिने ग्राहकाची अडचण सुटत नाही.

कोड खुला केल्याने काय होते, याचे उत्तर ‘डूम’ने तीस वर्षांत दिले आहे. अमेरिकेतल्या आयडी सॉफ्टवेअर या कंपनीने डिसेंबर १९९३ मध्ये हा गेम काढला आणि डिसेंबर १९९७ मध्ये त्याचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला. १९९९ मध्ये तो जीपीएल या मुक्त परवान्याखाली आला. ज्या डॉस प्रणालीवर तो जन्मला ती आता कोणी वापरत नाही, तरी डूम आजच्या प्रत्येक संगणकावर चालतो, कारण प्रत्येक पिढीतल्या प्रोग्रामरांनी त्याचा कोड नव्या यंत्रांसाठी जुळवून घेतला. हे करताना कंपनीने आपला व्यवसाय सोडला नाही. कोड खुला झाला, पण चित्रे, आवाज आणि पातळ्या तिच्याच मालकीच्या राहिल्या आणि त्या ती आजही विकते. २०२४ मध्ये डूमची नवी अधिकृत आवृत्ती आली, तेव्हा चाहत्यांनी खुल्या कोडवर उभारलेल्या ‘बूम’ या आवृत्तीतल्या सोयी तिच्यात घेतलेल्या होत्या. खुल्या केलेल्या कोडवर जगाने केलेले काम अशा रीतीने मूळ गेमकडेच परत आले. ‘द क्रू’च्या चाहत्यांना याउलट मार्ग घ्यावा लागला. कोड हाती नसल्याने त्यांना सर्व्हर कसा वागत होता याचा अभ्यास करून त्याची नक्कल शून्यातून लिहावी लागली आणि गेम पुन्हा सुरू व्हायला जवळपास दीड वर्ष गेले.

आता हा मुद्दा भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादसारख्या वस्तीत आणून पाहू. नेहरू नगराला लागून असलेल्या या भागात नोकरदार आणि विद्यार्थी यांची घरे आहेत. मौलाना आझाद राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, म्हणजे मॅनिट, इथून फार दूर नाही. अशा घरांत गेमसाठी लाखभराचा संगणक क्वचितच येतो. आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला डेस्कटॉप किंवा कोणा मोठ्या भावंडाकडून मिळालेला लॅपटॉप हीच तिथली यंत्रसामग्री असते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित मोफत आधार थांबवला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. म्हणजे २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक सुस्थितीत असूनही अधिकृत यादीबाहेर पडले. अशा संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही ओपन सोर्स प्रणाली बसवली तर तो सुरक्षा-दुरुस्त्यांसह आणखी काही वर्षे काम करतो. भारतीय कुटुंबासाठी ही बाब तत्त्वचर्चेची नाही, महिन्याच्या खर्चाची आहे.

‘लिनक्सवर गेम चालत नाहीत’ हे वाक्य यावर लगेच ऐकू येते. दहा वर्षांपूर्वी ते बरेचसे खरे होते. १९९३ पासून वाइन नावाचा ओपन सोर्स प्रकल्प विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवण्यासाठी झटत होता. ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीमची मालक कंपनी वाल्व्हने वाइनच्या पायावर प्रोटॉन हे साधन आणले आणि तेही खुलेच ठेवले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिने लिनक्सवर चालणारे स्टीम डेक हे हातात धरण्याचे यंत्र बाजारात आणले. आज विंडोजसाठी लिहिलेले हजारो गेम लिनक्सवर एका बटणाने सुरू होतात. मात्र इथे दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिली, स्टीम स्वतः ओपन सोर्स नाही. वाल्व्हने हे काम धर्मादाय म्हणून केले नाही, विंडोजवर अवलंबून राहायला लागू नये हा तिचा स्वार्थ होता. पण परवाना खुला असल्याने त्या स्वार्थातून झालेले काम सर्वांच्या मालकीचे झाले. उद्या वाल्व्हने धोरण बदलले तरी प्रोटॉनचा आजवरचा कोड कोणी परत घेऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट अधिक अडचणीची आहे. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचे अनेक लोकप्रिय गेम लिनक्सवर चालत नाहीत. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट ही ठळक उदाहरणे. एपेक्स लेजंड्स आधी चालत होता, पण फसवेगिरी वाढते असे कारण देऊन २०२४ च्या अखेरीस कंपनीने लिनक्सचे दार बंद केले. अप्रामाणिक खेळाडूंना पकडणारी सॉफ्टवेअर संगणकाच्या अगदी आतल्या थरापर्यंत शिरतात आणि वापरणाऱ्याला सर्व अधिकार देणाऱ्या प्रणालीशी त्यांचे जमत नाही. ज्याला हेच गेम हवेत त्याला लिनक्सचा आग्रह करणे चुकीचे ठरेल. परंतु यातून निघणारा निष्कर्ष नीट पाहावा. हा अडथळा बहुतेक ठिकाणी तांत्रिक क्षमतेचा नाही, कंपनीच्या निर्णयाचा आहे. फसवणूक रोखणाऱ्या ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन प्रमुख साधनांनी २०२१ मध्येच प्रोटॉनला आधार दिला. तो वापरायचा की नाही हे गेम काढणारी कंपनी ठरवते. वापरणाऱ्याच्या हाती काहीच नसणे, हीच तर मूळ तक्रार आहे.

आपल्याकडचा सर्वांत व्यवहारी आक्षेप वेगळाच असतो. क्रॅक केलेला गेम पेनड्राइव्हवर सहज मिळत असताना ओपन सोर्सचा खटाटोप कशाला? उत्तर नैतिकतेच्या आधीही देता येते. क्रॅक केलेल्या फाइलबरोबर काय येते हे कळायला मार्ग नसतो. त्याच संगणकावर वडिलांचे बँकेचे व्यवहार आणि मुलीचे महाविद्यालयाचे अर्ज होत असतात. शिवाय क्रॅकने गेम मिळतो, त्याचा कोड मिळत नाही. तो दुरुस्त करता येत नाही, त्यातून शिकता येत नाही आणि अभिमानाने कोणाला दाखवताही येत नाही. वर्षानुवर्षे चोरीच्या प्रतींवर वाढलेल्या बाजाराला सवय लागते ती फक्त वापरण्याची. खुल्या कोडमुळे मूल वापरणाऱ्याच्या जागेवरून बनवणाऱ्याच्या जागी जाऊ शकते.

‘मग कलाकारांनी खायचे काय?’ हा प्रश्न रास्त आहे आणि भावनेवर उडवून लावण्यासारखा नाही. गेममध्ये चित्रकार, संगीतकार, कथालेखक यांची वर्षांची मेहनत असते. म्हणून प्रत्येक गेम पहिल्या दिवसापासून खुला असावा अशी मागणी करण्यात अर्थ नाही. मागणी दोन ठिकाणी रास्त आहे: बनवण्याची साधने खुली असावीत आणि विक्री संपलेला गेम जिवंत ठेवण्याची वाट खुली असावी. साधने बंद असली की बनवणाऱ्याचाच गळा आवळला जातो, हे सप्टेंबर २०२३ मध्ये दिसले. युनिटी हे गेम बनवण्याचे जगभर वापरले जाणारे इंजिन. गेम जितक्या वेळा नव्याने बसवला जाईल त्यानुसार शुल्क लावण्याची घोषणा त्या कंपनीने केली आणि हजारो छोट्या स्टुडिओंचे गणित एका दिवसात कोलमडले. वर्षभराने शुल्क रद्द झाले, पण तोवर अनेकांनी गोडो या ओपन सोर्स इंजिनाकडे मोर्चा वळवला होता. दोघा अर्जेंटिनी प्रोग्रामरांनी घडवलेले गोडो २०१४ पासून एमआयटी परवान्याखाली खुले आहे. त्यात बनवलेला गेम विकला तरी इंजिनाला एक रुपया द्यावा लागत नाही. खुले साधन म्हणजे दुय्यम साधन, हा समजही आता टिकत नाही. ब्लेंडर हे त्रिमिती चित्रणाचे सॉफ्टवेअर २००२ मध्ये लोकवर्गणीतून एक लाख युरो जमवून खुले करण्यात आले. त्याच ब्लेंडरमध्ये बनलेल्या ‘फ्लो’ या लाटव्हियन चित्रपटाने २०२५ चे सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळवले.

मराठी माणसासाठी यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती सर्वांत जवळची आहे. अनेक गेम इंजिनांत देवनागरी बरीच वर्षे मोडकीतोडकी उमटत असे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडे, जोडाक्षरे सुटी होत. ज्या बाजारात मराठीचा वाटा नगण्य मानला जातो, तिथे बंद कंपनीने ही दुरुस्ती आधी करावी असे तिला वाटण्याचे कारणच नसते. १ मार्च २०२३ रोजी आलेल्या गोडो ४ ने हार्फबझ ही अक्षरजुळणीची ओपन सोर्स प्रणाली आत घेतली. फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड हीच प्रणाली वापरतात. त्यामुळे ‘क्ष’, ‘ज्ञ’ आणि ‘र्‍या’ गेममध्येही नीट दिसू लागले. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने मुक्ता आणि बलू हे देवनागरी टंक खुल्या परवान्याखाली दिले आहेत. गेममध्ये ते वापरायला पैसे लागत नाहीत. म्हणजे इंजिन, अक्षरजुळणी, टंक आणि चित्रणाचे साधन अशी पूर्ण सामग्री आज मराठीत गेम बनवू पाहणाऱ्याच्या समोर आहे. आशयाचीही एक वाट तयार आहे. ‘० ए.डी.’ हा प्राचीन साम्राज्यांवरचा ओपन सोर्स गेम जगभरचे स्वयंसेवक बनवतात. त्यात मौर्य साम्राज्य आहे आणि चंद्रगुप्त, चाणक्य, अशोक ही पात्रे आहेत. अशोकाच्या स्तूपाची सांची भोपाळपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. त्या गेमच्या कलाकृतीही खुल्या परवान्याखाली असल्याने मॅनिटमधल्या विद्यार्थ्याला त्यात खरीखुरी सांची उभारायची असेल तर कोणाची परवानगी मागावी लागणार नाही.

खुलेपणा हा सर्व रोगांवरचा उपाय नाही, हेही मान्य करावे. अनेक ओपन सोर्स गेम देखणे नसतात, काही अर्धवट राहतात, काही सांभाळणाऱ्यांच्या थकव्याने थांबतात. कोड खुला असला तरी ‘द क्रू’सारख्या गेममधल्या खऱ्या मोटारींच्या नाममुद्रांचे आणि संगीताचे हक्क वेगळे राहतात. मुलांनी किती वेळ खेळावे, हा प्रश्न तर कुठल्याच परवान्याने सुटत नाही. पण थांबलेला खुला प्रकल्प दुसरा कोणी पुढे नेऊ शकतो आणि थांबवलेला बंद गेम मालकाच्या संमतीशिवाय सहजासहजी कोणी पुढे नेऊ शकत नाही. हा फरक निर्णायक आहे. ‘द क्रू’ बंद झाल्यावर सुरू झालेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहिमेतून युरोपीय महासंघाकडे गेलेल्या नागरिकांच्या अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. सर्व्हर बंद करा, पण गेम खेळता येईल अशा स्थितीत सोडून जा, एवढीच त्यांची मागणी आहे. ती आपलीही असायला हवी.

आपल्याकडे ही वेळ योग्य आहे. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंग उद्योगासाठी स्वतंत्र धोरणे आणली. सरकारी कामकाजात ओपन सोर्स स्वीकारण्याचे केंद्राचे धोरण तर २०१५ पासून आहे आणि केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरवर एक पिढी शिकवून दाखवली आहे. या धोरणांतून अनुदान घेणाऱ्या प्रत्येक गेमवर एक अट असावी: विक्री बंद केली की ठरावीक मुदतीत त्याचा कोड, आणि सर्व्हर असल्यास सर्व्हरचे सॉफ्टवेअर, जनतेसाठी खुले करावे. जनतेच्या पैशाने बनलेला खेळ जनतेच्या हातून निसटता कामा नये. महाविद्यालयांनी अभ्यासक्रमात गोडो आणि ब्लेंडर घ्यावेत, म्हणजे शिकलेले कौशल्य परवान्याची मुदत संपल्याने वाया जाणार नाही. पालकांना एकच विनंती आहे. घरातला जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यावर लिनक्स आणि गोडो बसवून तो मुलांच्या हवाली करा. खेळ कसा बनतो ते त्यांना आतून पाहू द्या.