अब्बांच्या प्लॉटवर बाजूला दुसरे घर बांधताय? आधी या तीन गोष्टी तपासा

नांदेडचा देगलूर नाका असो की लातूरच्या जुन्या वस्त्या, चित्र तेच दिसते. अब्बांनी घेतलेल्या प्लॉटवर एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला खाली जागा. मुलाचे लग्न होते, माणसं वाढतात आणि त्या जागेत दुसरे घर उभे राहते. मग शेजारी तक्रार करतो, कधी सख्खा भाऊच अडवतो, आणि महापालिकेची नोटीस येते. अशा वेळी मालकी, प्लॉटची विभागणी आणि बांधकाम परवानगी या तिन्हींची गल्लत होते.

मालकी कोणाची?
अब्बा हयात असताना त्यांनी हिबा केला, मुलाने तो कबूल केला आणि ताबाही घेतला, तर तोंडी हिबासुद्धा चालतो. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे. पण साक्षीदार आणि लेखी कागद नसेल तर पुढे सिद्ध करणे जड जाते. हिबा झालाच नसेल, तर अब्बांच्या इंतकालानंतर अम्मी आणि बहिणींसह सर्व वारसांचा हिस्सा असतो. सगळ्यांची लेखी संमती न घेता पाया खोदला, तर कोर्टाची पायरी चढावी लागू शकते.

प्लॉटची विभागणी मंजूर आहे का?
घरात वाटणी झाली म्हणून सरकारी नकाशात दोन प्लॉट होत नाहीत. बाँड पेपरवर घेतलेल्या गुंठेवारीच्या जागेत ही अडचण जास्त येते. 2001 च्या गुंठेवारी कायद्यातली मुदत 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढली. त्या तारखेपर्यंतचे प्लॉट आणि बांधकामेच अटी पाळून, शुल्क भरून नियमित होऊ शकतात. आज बांधलेले घर त्यात बसत नाही. 2025 मध्ये तुकडेबंदीच्या नियमात शहरी भागाला सवलत मिळाली. पण व्यवहार नियमित झाला म्हणजे बांधकामही मंजूर झाले, असे होत नाही.

बांधायची परवानगी आहे का?
नांदेड-वाघाळा आणि लातूर या दोन्ही महापालिकांना 2020 ची एकीकृत बांधकाम नियमावली लागू आहे. बाजूला किती जागा सोडायची, एकूण किती बांधायचे, हे त्यातून ठरते. ज्याला आपण खाली जागा म्हणतो, तीच कधी कधी पहिल्या घराच्या नकाशात सोडलेली सक्तीची मोकळी जागा असते. म्हणून जुना मंजूर नकाशा आधी काढा. आरक्षण आणि पूररेषाही पाहा. घरपट्टीची पावती किंवा लाईटचे बिल म्हणजे परवानगी नव्हे.

परवानगी नाकारली किंवा नोटीस आली तर?
परवानगी नाकारली तर नगररचना कायद्याच्या कलम 47 नुसार 40 दिवसांत अपील करता येते. पाडकामाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 रोजी किमान 15 दिवसांची नोटीस आणि सुनावणी बंधनकारक केली. मात्र रस्ता, फूटपाथ, नदी अशा सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाला आणि कोर्टाच्या आदेशाने होणाऱ्या पाडकामाला हे संरक्षण नाही. नोटीस फाडू नका, घ्यायला नकार देऊ नका. तारीख लिहून ठेवा आणि मुदतीत लेखी उत्तर देऊन पोच घ्या.

परवानाधारक इंजिनिअर आणि वकिलाची फी जास्त वाटते. पण आयुष्यभराची कमाई घालून बांधलेल्या भिंती पाडायची वेळ आली, तर त्यापुढे ती काहीच नाही.