बोट तुमचं, मत कुणाचं?

एकच राज्य, सहा महिन्यांच्या आत दोन निवडणुका आणि दोन उलटे निकाल. २०२४ साली महाराष्ट्राच्या मतदाराने नक्की कशावरून ठरवलं? आणि पुढच्या वेळी तुम्ही कशावरून ठरवणार?

‘मी कुणाचं ऐकून मत देत नाही, माझं मी ठरवतो.’ कट्ट्यावर निवडणुकीचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. तुम्हीही कधीतरी म्हटलं असेल. पण जरा २०२४ आठवून बघा. जूनमध्ये लोकसभेचा निकाल लागला. राज्यातल्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला, १७ महायुतीला आणि एक अपक्षाला. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांनी मिळून २८८ पैकी २३० जागा घेतल्या आणि आघाडीचे तीन मोठे पक्ष ४६ वर थांबले. मतदार जवळपास तेच. मग बदललं काय?

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. लोकसभेला जागांमध्ये एवढा फरक दिसला, तरी दोन्ही आघाड्यांच्या मतांमध्ये एक टक्क्याचंही अंतर नव्हतं. म्हणजे शंभरातल्या चार-पाच जणांनी विचार बदलला, तरी अख्खा निकाल फिरतो. म्हणूनच हे चार-पाच जण कशाने हलतात, ते बघायला हवं.

खिसा बोलतो

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. ती उठली थेट मे २०२४ मध्ये, ऐन निवडणुकीत आणि तीही निर्यातशुल्क लावून. लासलगावची बाजारपेठ ज्या दिंडोरी मतदारसंघात येते, तिथे विद्यमान केंद्रीय राज्यमंत्री पडल्या. पुढे जुलैपासून ‘लाडकी बहीण’ योजना आली, महिन्याला १५०० रुपये थेट खात्यात. विरोधकांनीही मग ३००० रुपयांचं आश्वासन दिलं. विधानसभेला महिलांचं मतदान २०१९ च्या साधारण ५९ टक्क्यांवरून ६५ वर गेलं. एकट्या योजनेनेच निकाल फिरवला असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही. पण १५०० रुपयांत घरातला किराणा किंवा मुलांच्या वह्या येत असतील, तर त्या बाईचं मत ‘विकलं गेलं’ म्हणून नाक मुरडणं सोपं आहे. शेतकऱ्याने कांद्यावरून दिलेलं मत मात्र आपल्याला विचारपूर्वक वाटतं. असं का, हे स्वतःला विचारा.

घर, जात आणि कट्टा

मराठवाड्यात मराठा आरक्षणाचा मुद्दा पेटलेला होता. लोकसभेला तिथल्या आठपैकी सात जागा आघाडीकडे गेल्या. ‘आपला माणूस’ कोण, हे घरात आणि गावात बोलता बोलता ठरतं.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. मास कॉमला असाल, तर पॉल लाझर्सफेल्ड हे नाव परीक्षेपुरतं पाठ केलं असेल. १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत त्यांच्या टीमने ओहायोतल्या एका काउंटीतल्या मतदारांना महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा भेटून प्रश्न विचारले. रेडिओ आणि वर्तमानपत्रांमुळे मतं बदलत असतील, असा अंदाज होता. प्रत्यक्षात प्रचारामुळे बाजू बदलणारे थोडेच निघाले. बहुतेकांचं मत धर्म, आर्थिक स्थिती आणि घरच्यांबरोबर जुळणारं होतं. बातम्यांपेक्षा ओळखीच्या माणसाचा शब्द जास्त चालत होता. आज त्या ओळखीच्या माणसाच्या जागी फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड पाठवणारे काका आहेत, एवढंच.

एक तुतारी, दोन चिन्हं

कधीकधी सगळं ठरवूनही मत भलतीकडे जातं. साताऱ्यात शरद पवार गटाचं चिन्ह होतं ‘तुतारी वाजवणारा माणूस’. त्याच यंत्रावर एका अपक्षाचं चिन्ह होतं नुसती ‘तुतारी’. त्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली आणि पवार गटाचा उमेदवार ३२,७७१ मतांनी हरला. यातली किती मतं गोंधळातून गेली, हे मोजता येत नाही. पण आकडे बोलके आहेत.

आणि न दिलेलं मत

मुंबई उत्तर-पश्चिममध्ये लोकसभेचा निकाल ४८ मतांनी लागला. तुमच्या वर्गातली पोरं मोजा, त्याहून जास्त भरतील. शिकायला पुण्या-मुंबईत राहायचं, नाव मात्र गावच्या यादीत आणि मतदानाच्या दिवशी एसटी पकडायचा कंटाळा, ही गोष्ट आपल्यातल्या अनेकांची आहे.

तर मग काय करायचं?

- यादीत नाव नसेल तर फॉर्म ६ भरा, पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८. १८ वर्षं पूर्ण झाल्याची तारीख आता वर्षातून चारदा धरतात आणि सतराव्या वर्षीच आगाऊ अर्ज करता येतो.
- उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या साइटवर असतं. संपत्ती, शिक्षण, गुन्हे सगळं त्यात मिळतं. दहा मिनिटं पुरतात.
- बटण दाबण्याआधी चिन्हाबरोबर नाव आणि फोटोही बघा.
- ज्याला मत देणार, त्याच्याविरुद्धचा एक मुद्दा शोधा. सापडलाच नाही, तर तुम्ही एकाच बाजूचं ऐकताय.

घर, खिसा, जात, ग्रुप यांचा हात आपल्या मतावर राहणारच. पण त्यातला कुठला हात किती जोर लावतोय, हे ओळखता आलं, तर ‘माझं मी ठरवलं’ असं खुशाल म्हणा.