थंडी साठवणारा तालुका

उत्तर गोलार्धात माणसं राहतात अशी सगळ्यात थंड जागा कुठली, असं विचारलं की तुम्ही पोरं नकाशावर सरळ वर चढता आणि ध्रुवावर बोट टेकवता. तिथे नाही रे. बोट खाली आणा, आणखी खाली. आर्क्टिक वृत्ताच्याही दक्षिणेला, ६३ अंशांवर. रशियाच्या पूर्वेला साखा नावाचं प्रजासत्ताक आहे, याकुतिया म्हणतात तेच. त्यात ओइम्याकोन नावाचा एक उलूस आहे. उलूस म्हणजे तिथला तालुका समजा. साखात असे ३४ आहेत.

तालुका म्हणायचा खरा, पण क्षेत्रफळ ९२ हजार चौरस किलोमीटर. आपल्या विदर्भापेक्षा जरासाच लहान! आणि २०१० च्या जनगणनेत माणसं भरली किती? दहा हजारांच्या आसपास. करा भागाकार.

"माणशी नऊ चौरस किलोमीटर," थोरली पटकन म्हणाली.

बरोबर. आता थंडीचं बघू. ध्रुवावर बर्फ असतो, पण बर्फाखाली समुद्र असतो, आणि समुद्र कितीही गार झाला तरी थोडी ऊब वर सोडतच राहतो. ओइम्याकोनला ती सोय नाही. ओखोत्स्कचा समुद्र तसा सरळ रेषेत पाचशे किलोमीटरच्या आत आहे, पण मध्ये सुंतार-खायाता पर्वताची भिंत, तीन हजार मीटरच्या घरात पोचणारी. शिवाय हिवाळ्यात सैबेरियावर जड, गार हवेचा मोठा दाब बसतो आणि वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. म्हणजे उबेची वाट दोन्हीकडून बंद.

त्यात ओइम्याकोनची दरी चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेली, समुद्रसपाटीपासून ७४० मीटरवर. डिसेंबरात दिवस जेमतेम साडेचार-पाच तासांचा. सूर्य येतो, तोंड दाखवून जातो. आभाळ मोकळं, जमिनीवर पांढरं बर्फ. जी काही उष्णता असेल ती रात्रभर आभाळात निघून जाते. जमिनीलगतची हवा गार होते, गार हवा जड असते, म्हणून ती उतारावरून घसरत दरीच्या तळाशी येऊन बसते. वारा नाही, त्यामुळे तिला हलवणारं कोणी नाही. रोज नवी थंडी येते आणि जुनीत भर पडते.

"मग डोंगरावर तर आणखी गार असेल ना आजोबा?" धाकट्यानं विचारलं.

तिथेच तर गंमत आहे! आपल्याकडे महाबळेश्वरला वर गेलं की गार लागतं. तिथे हिवाळ्यात उलटं. दरीतून डोंगरावर चढाल तसा गारठा कमी होतो, कधी दहा-वीस अंशांनीसुद्धा. हवामानवाले याला तापमानाची विपरीतता म्हणतात. धूर चुलीतून वर जातो आणि थोड्या उंचीवर आडवा पसरतो, कारण वरच्या उबदार हवेचं झाकण त्याला पुढे जाऊ देत नाही.

६ फेब्रुवारी १९३३ रोजी इथल्या हवामान केंद्रात उणे ६७.७ अंश सेल्सिअस नोंदवलं गेलं. केंद्र आहे टोम्तोर गावाजवळ, पण नाव झालं ओइम्याकोन गावाचं. टोम्तोरमध्ये एक स्मारक आहे, त्यावर उणे ७१.२ कोरलंय. तो आकडा मोजलेला नाही, अंदाजाने काढलेला आहे. त्याचं मूळ सर्गेई ओब्रुचेव या भूशास्त्रज्ञाकडे जातं. हा गडी १९२६ साली या भागात फिरला, चेर्स्की पर्वतरांग नकाशावर आणली, आणि इथली थंडी वेर्खोयान्स्कपेक्षाही जास्त असावी असं त्यानं सांगितलं. (त्याचे वडील व्लादिमीर ओब्रुचेव हेही भूशास्त्रज्ञ, वर विज्ञानकादंबऱ्या लिहिणारे. घरातच कल्पनेला तोटा नव्हता.) पाऱ्याचा थर्मामीटर तिथे कामाचा नाही, कारण उणे ३९ च्या आसपास पारा स्वतःच गोठून घट्ट होतो. अल्कोहोलचा लागतो.

वेर्खोयान्स्क हे त्याच साखातलं दुसऱ्या तालुक्याचं गाव. १८९२ च्या फेब्रुवारीतला त्यांचा आकडा उणे ६७.८. म्हणजे एका दशांशावरून दोन तालुक्यांची तू-तू मैं-मैं, आणि दोघंही स्वतःला थंडीचा ध्रुव म्हणवतात. माझं विचाराल तर मला थंडीपेक्षा उन्हाळ्याचं जास्त आश्चर्य वाटतं. २८ जुलै २०१० ला याच ओइम्याकोनला ३४.६ अंश होतं. खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत शंभराहून जास्त अंश! एकाच जागी.

आता पाणी बघा. एवढ्या थंडीत काही झरे गोठत नाहीत. जमीन शेकडो मीटर खोल गोठलेली, पण मध्येच न गोठलेल्या पट्ट्यातून खोलातलं पाणी दाबानं वर येतं. वर आलं की मात्र गोठतं, त्यावर पुढचं पाणी पसरतं, तेही गोठतं. असे थरावर थर चढून हिवाळाअखेर नदीच्या पात्रात जाडजूड बर्फाचं मैदान तयार होतं, आणि त्यातलं काही भर उन्हाळ्यातही शिल्लक राहतं.

तालुक्याचा कारभार कुठून चालतो? ओइम्याकोनमधून नाही. मुख्यालय आहे उस्त-नेरा, जिथे नेरा नदी इंदिगिर्काला मिळते. उलूस झाला १९३१ साली, पुढे या भागात सोनं सापडलं आणि कचेरीही सोन्यामागे गेली. तालुक्यातली निम्म्याहून जास्त माणसं तिथेच. उलूसाचा प्रमुख आणि सभा निवडून येतात, आणि खाली नस्लेग, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखी गावपातळी. पण ओइम्याकोन गावच्या माणसाला कचेरीत जायचं तर रस्त्यानं चारशेहून जास्त किलोमीटर! हा रस्ता ज्याला मिळतो तो कोलिमा महामार्ग, याकुत्स्क ते मगदान, दोन हजार किलोमीटरच्या घरात. स्टालिनच्या काळात कैद्यांकडून तो बांधून घेतला. किती माणसं त्या कामावर मेली, त्याचा हिशेब कचेरीत नाही. लोक त्याला हाडांचा रस्ता म्हणतात. साखा इतकं लांबरुंद की तिथे घड्याळंही तीन वेगवेगळ्या वेळांवर चालतात. ओइम्याकोनचं घड्याळ याकुत्स्कच्या एक तास पुढे.

सोविएत संघ गेला तशा खाणींच्या वस्त्या ओस पडल्या. १९८९ ला तीस हजारांच्या वर असलेली माणसं दोन दशकांत तिसऱ्या हिश्श्यावर आली. जे राहिले ते सवयीनं राहतात. घरं खांबांवर, म्हणजे चुलीची ऊब खालच्या गोठलेल्या मातीला वितळवून घर कलवत नाही. गरम पाण्याचे पाईप जमिनीवरून, गुंडाळून नेलेले. मोटार बंद पडली तर चालू होईल याचा भरवसा नाही, म्हणून इंजिन चालूच ठेवतात. शाळेला सुट्टी उणे ५० च्याही खाली गेल्यावर. हसू नका! आणि एवढ्या थंडीत उच्छ्वासाच्या वाफेचे लगेच बर्फाचे कण होतात, त्यांचा बारीक सळसळ आवाज ऐकू येतो. तिथले लोक त्याला ताऱ्यांची कुजबुज म्हणतात.

याकूत लोकांची गोष्टही ऐका. थंडी म्हणजे आर्क्टिक समुद्रातून निघालेला एक बैल. त्याची शिंगं वाढतात तशी थंडी वाढते. जानेवारीअखेर एक शिंग तुटतं, फेब्रुवारीत दुसरं, आणि बर्फ वाहायला लागतं तेव्हा त्याचं धड नदीबरोबर समुद्राला परत जातं. विज्ञानाशी ही गोष्ट फारशी भांडत नाही. मार्चच्या आसपास सूर्य वर येऊन उतार तापवू लागतो, हवा ढवळली जाते आणि दरीत साठलेला गारठा हळूहळू मोडतो.

आणि ओइम्याकोन-वेर्खोयान्स्कमधला तो थंडीचा विक्रम? उत्तर गोलार्धातली सर्वांत कमी नोंद आता या दोघांकडेही नाही. ग्रीनलँडच्या बर्फावर, तीन हजार मीटर उंचीवर, एका स्वयंचलित यंत्रानं २२ डिसेंबर १९९१ ला उणे ६९.६ टिपलं, आणि २०२० साली जागतिक हवामान संघटनेनं ते मान्य केलं. तिथे कोणी राहत नाही, त्यामुळे ओइम्याकोनचा आणि वेर्खोयान्स्कचा वाद आपसातच चालू आहे.