वाळूचे चटके आणि मास्तरचे पाय

वाचकहो, या सदरात आजवर मी रुग्णांच्या हातून होणाऱ्या चुका पुष्कळ सांगितल्या. आज एका डॉक्टरची चूक सांगतो. तो डॉक्टर म्हणजे मीच.

२०२४ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. शनिवारी रात्री दवाखाना बंद करून मी घराच्या ओट्यावर बसलो होतो. तेवढ्यात माझा शाळासोबती आला. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. आयुष्यभर हायस्कूलात गणित शिकवून तो निवृत्त झाला, म्हणून सारा गाव त्याला मास्तर म्हणतो, आणि मीही. वहिनी पुण्याला मुलीकडे गेल्या होत्या आणि एकट्याने घरात बसून मास्तर कंटाळला होता. बोलता बोलता म्हणाला, "डॉक्टर, नववीच्या सहलीला आपण गुहागरला गेलो होतो, आठवते का रे? त्यानंतर मी समुद्र पाहिलाच नाही."

"मग उद्या जाऊ," मी म्हटले.

"उद्या?"

"उद्या पहाटे. दवाखान्याला सुट्टी आहे, गाडीत पेट्रोल आहे. आणखी काय लागते?"

आणखी काय लागते, ते आम्हा दोघांनाही दुसऱ्या दिवशी रात्री कळले.

पहाटे पाचला कराड सोडले. पाटणला चहा झाला. "गोळ्या घेतल्यास ना?" असे विचारले तर मास्तरने जीभ चावली. गोळ्यांचा डबा घरी खिडकीत राहिला होता. मास्तरला १४ वर्षांपासून मधुमेह आहे आणि त्याच्या गोळ्या मीच लिहून देतो. चिपळूणला औषधाच्या दुकानात चिठ्ठी दिली, गोळ्या घेतल्या, हसलो आणि पुढे निघालो. कुंभार्ली घाट उतरल्यापासून मास्तर शाळकरी पोरासारखा खिडकीला चिकटून बसला होता. आमराईतल्या कैऱ्या, कौलारू घरे, सुपारीच्या बागा, जे दिसेल ते मला दाखवत होता. चार माणसांच्या सहवासात आणि मोकळ्या हवेत मन असे हलके होते, हेही औषधच आहे. त्याबद्दल माझी आजही तक्रार नाही.

गुहागरला पोहोचून व्याडेश्वराचे दर्शन घेतले आणि साडेबाराच्या सुमारास सुरूच्या बनातून किनाऱ्यावर आलो. ऊन रणरणत होते. मास्तर चपला घालूनच वाळूत उतरू लागला. तेव्हा मी जे बोललो ते मला शब्दशः आठवते. मी म्हटले, "अरे, समुद्रावर येऊन चपला कसल्या घालतोस? काढ त्या!"

त्याने काढल्या. मीही काढल्या. बनापासून ओल्या वाळूपर्यंत शंभरेक पावलांचा कोरडा पट्टा होता. दहा पावलांतच माझे तळपाय भाजू लागले, आणि मी उड्या मारत, धावत पाणी गाठले. मागे वळून पाहिले तर मास्तर देवळातून घरी जावे तसा सावकाश चालत येत होता. वाटेत मुलांचा क्रिकेटचा डाव चालला होता, तो पाहत चांगला पाच-सात मिनिटे उभा राहिला. मी ओरडून विचारले, "मास्तर, चटके बसत नाहीत का रे तुला?"

"हा शेतात अनवाणी वाढलेला पाय आहे," मास्तर हसत म्हणाला, "तुझ्यासारखा बुटातला नव्हे!"

मला ते उत्तर पटले. ३० वर्षे वैद्यकीचा व्यवसाय केलेल्या माणसाला ते पटायला नको होते.

दोन तास पाण्यात गेले. खाणावळीत जेवलो. मास्तर माळकरी, त्याने वरणभात आणि सोलकढी घेतली आणि माझी नजर चुकवून उकडीचे दोन मोदकही खाल्ले. चारच्या सुमारास परत निघालो. घाट चढून वर आल्यावर चहासाठी थांबलो. हॉटेलच्या फरशीवर मास्तरच्या उजव्या पायाचा ओला ठसा उमटत होता. मी म्हटले, "चप्पल ओली आहे का?" तो म्हणाला, "समुद्राचे पाणी असेल." परंतु समुद्रातून बाहेर येऊन चार तास होऊन गेले होते. त्याचा लेंगा केव्हाच वाळला होता.

त्याला बाकावर बसवून चप्पल काढायला लावली आणि मोबाईलच्या उजेडात तळवा पाहिला. अंगठ्याच्या खाली रुपयाएवढा फोड येऊन फुटला होता. कातडी गुंडाळली गेली होती आणि आतल्या लाल जखमेत वाळूचे कण रुतले होते. डाव्या तळव्यावर दोन फोड न फुटता तसेच होते. मी जखमेच्या कडेला बोट लावले. "दुखते का?" मास्तर चहाचा घोट घेत म्हणाला, "काय दुखते का?"

त्या प्रश्नाने माझ्या पोटात धस्स झाले.

पाय बधिर का होतात?

रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की मज्जातंतू आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या खराब होतात. शरीरातले सर्वांत लांब तंतू पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून बिघाडाची सुरुवातही बहुधा तेथेच होते. काहींना मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते, गादीवर चालल्यासारखे वाटते. परंतु पुष्कळांना काहीच होत नाही. जाणीव हळूहळू इतकी कमी होत जाते की ती गेल्याचे त्या माणसाला कळतच नाही. "माझे पाय ठणठणीत आहेत, कधी दुखत नाहीत," असे सांगणारा मधुमेही रुग्ण म्हणूनच निर्धास्त समजू नये.

दुखणे हा आपल्या शरीराचा राखणदार आहे. मार्च-एप्रिलच्या दुपारी कोरडी वाळू ५० अंश सेल्सिअसच्याही वर तापू शकते. माझ्या पायातला राखणदार जागा होता, म्हणून त्याने मला धावायला लावले. मास्तरच्या पायातला केव्हाच निघून गेला होता, म्हणून तो भाजत असतानाही उभा राहिला. काट्यावर, खिळ्यावर, चावणाऱ्या चपलेवर असेच घडते. रुग्ण त्याच जखमेवर दिवसभर चालतो, त्यात जंतू शिरतात, आणि रक्तपुरवठाही कमी असेल तर जखम सडू लागते. मधुमेहामुळे ज्यांचा पाय कापावा लागतो, अशा १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांच्या बाबतीत सुरुवात पायाच्या एखाद्या जखमेनेच झालेली असते.

यासाठी समुद्रावरच जायला हवे असे नाही. भर दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर घातलेली प्रदक्षिणा, नवसाची अनवाणी पायी वारी, शेतातली उन्हाळी वाट, मोटारसायकलच्या सायलेन्सरला टेकलेला पाय, थकवा जावा म्हणून पाय बुडवलेले कढत पाणी, या सर्वांनी भाजलेले पाय मी आपल्या जिल्ह्यातच पाहिले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण आहेत. तेव्हा हा प्रश्न एकट्या मास्तरचा नाही.

मास्तरचे पुढे काय झाले?

बाटलीतल्या स्वच्छ पाण्याने जखम हलकेच धुतली. औषधपेटीतले निर्जंतुक कापड वर ठेवून सैलसर पट्टी बांधली. न फुटलेले फोड तसेच राहू दिले. हॉटेलवाला भला माणूस, हळद घेऊन धावत आला. त्याचे आभार मानून ती परत केली. रात्री दवाखाना उघडून मास्तरला टेबलावर घेतले. पायाच्या नाड्या चांगल्या लागत होत्या, हे आमचे नशीब. परंतु नायलॉनच्या तंतूने तळव्यावर स्पर्श करून पाहिला, तर दहापैकी दोनच ठिकाणी त्याला कळले. धनुर्वाताची लस दिली. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी ९.८ टक्के आली. ती साधारण ७ च्या आसपास असावी, असा आमचा प्रयत्न असतो.

जखम भरायला सात आठवडे लागले. एक दिवसाआड पट्टी, पायावर भार टाकायचा नाही, संडासलाही कुबडी घेऊन जायचे. मधे एकदा जंतुसंसर्ग झाला, तेव्हा शल्यचिकित्सक मित्राने अंगठ्याबद्दल शंका व्यक्त केली होती. त्या दोन रात्री मला झोप आली नाही. अखेर अंगठा वाचला.

वहिनी पुण्याहून आल्या त्या दिवशी मी पट्टी बदलत होतो. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही बरोबर होतात ना?"

मी खाली मान घालून पट्टी बांधत राहिलो. कारण खरी चूक त्या दुपारची नव्हतीच. १४ वर्षांत मी मास्तरची साखर ओट्यावर विचारली, गोळ्या ओट्यावर लिहून दिल्या, पण त्याला टेबलावर झोपवून पायमोजे काढायला एकदाही सांगितले नाही. परक्या रुग्णाचे पाय मी तपासतो. मित्राचे राहून गेले. आपल्या नात्यात किंवा मित्रमंडळींत कोणी डॉक्टर असेल, तर वाचकहो, गप्पांतल्या सल्ल्यावर राहू नका. वर्षातून एकदा तरी केसपेपर काढून रीतसर तपासून घ्या. पाय दाखवायला विसरू नका, आणि डॉक्टर विसरला तर त्याला आठवण द्या.

घरी करता येणारी तपासणी

ही अगदी सोपी आहे. रुग्णाने पायमोजे काढून, डोळे मिटून आडवे व्हावे. घरातल्या दुसऱ्या माणसाने आपल्या बोटाचे टोक रुग्णाच्या पायाच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला, अशा दोन्ही पायांच्या एकूण सहा बोटांना एकेक करून लावावे. स्पर्श पिसासारखा हलका हवा, एक-दोन सेकंदच हवा. दाबू नये, चोळू नये, गुदगुल्या करू नयेत. स्पर्श जाणवताच रुग्णाने "उजवा" किंवा "डावा" म्हणावे. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही, तर पायाची जाणीव कमी झाली आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे.

मधुमेह असणाऱ्यांनी सहलीला निघताना

१) अनवाणी चालू नये. वाळूत नाही, देवळाच्या तापलेल्या अंगणात नाही, घरातही नाही. दर्शनाला सकाळी लवकर जावे. पाय बधिर असतील तर मऊ तळाची, मागून पट्टा असलेली चप्पल वापरावी. एमसीआर रबराच्या अशा चपला मिळतात. अंगठ्याची चप्पल टाळावी.

२) चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, वाळू, खिळा पाहावा. नवी चप्पल प्रवासात प्रथमच घालू नये.

३) रोज रात्री दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवावा किंवा घरच्यांना पाहायला सांगावे.

४) गोळ्या लागतात त्यापेक्षा दोन दिवसांच्या जास्त घ्याव्यात आणि चिठ्ठीही बरोबर ठेवावी. इन्शुलिन उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये.

५) प्रवासात जेवण लांबते. गोळी किंवा इन्शुलिन घेऊन जेवण चुकले तर साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, घाबरे होणे, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे दिसताच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडातून काहीही देऊ नये, ताबडतोब दवाखाना गाठावा.

६) पाय भाजला तर लगेच २० मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद लावू नये. फोड फोडू नये. स्वच्छ कापडाने झाकावे आणि दुखत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दुखत नसेल तर अधिकच लवकर दाखवावे.

शेवटी एक सांगतो. हे सारे वाचून कोणी सहल रद्द करू नये. डिसेंबरात एका शुक्रवारी मास्तर पुन्हा ओट्यावर आला. म्हणाला, "डॉक्टर, उद्या गुहागर?" या वेळी वहिनीही बरोबर होत्या. रविवारी सूर्योदयाच्या वेळी थंडगार ओल्या वाळूतून आम्ही तिघे चाललो. मास्तरच्या पायात पट्ट्याची चप्पल होती आणि गोळ्यांचा डबा वहिनींच्या पर्समध्ये. परत खोलीवर आल्यावर मास्तरने न सांगता दोन्ही तळवे माझ्यापुढे केले. मी चष्मा लावला आणि ते नीट पाहिले. चहा त्यानंतर घेतला.