बुरशीच्या अंगातला एरंड

ऐन श्रावणात कळमनुरीतल्या एखाद्या घरात दुरडीच्या तळाशी भाकरीचा तुकडा राहून जातो. तीन दिवसांनी त्यावर कापसासारखी पांढरी लव आणि लवेच्या टोकांवर काळे ठिपके दिसतात. बहुधा ती असते ऱ्हायझोपस बुरशी. प्रत्येक काळा ठिपका म्हणजे बीजाणूंनी गच्च भरलेलं गाठोडं! हीच बुरशी शेणखतात असते, हळदीच्या सरीत कुजणाऱ्या पाल्यात असते. तिचे बीजाणू आपण श्वासाबरोबर आत घेतो, पांढऱ्या पेशी त्यांचा समाचार घेतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

मग 2021 साली असं काय घडलं? कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत याच कुळातल्या बुरशीने नाकातून डोळ्याकडे आणि तिथून मेंदूकडे वाट काढली. देशात 50 हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, त्यातले 10 हजारांहून अधिक महाराष्ट्रात. लोक तिला काळी बुरशी म्हणू लागले, पण रुग्णांच्या अंगावर दिसणारा तो काळा रंग तिचा नव्हताच! ती रक्तवाहिनीत घुसते, रक्त अडतं आणि रक्ताविना मेलेलं मांस काळं पडतं. अनेक रुग्णांच्या बाबतीत दोन गोष्टी सारख्या होत्या : रक्तात वाढलेली साखर आणि घेतलेली स्टेरॉइड.

पण साखर वाढल्यावर रक्तवाहिनीचं दार बुरशीला उघडतं कोण?

अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये अशरफ इब्राहिम यांच्या गटाने यासाठी चक्क गळ टाकला. रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी घेतल्या, त्यांच्या पृष्ठभागावरची प्रथिनं सुटी केली आणि त्या मिश्रणात मोड आलेले बीजाणू सोडले. हो, मटकीसारखे मोड बीजाणूंनाही येतात! मग ते धुऊन काढले. धुऊनही एक प्रथिन घट्ट चिकटून राहिलं. दार सापडलं होतं. आता त्याचं नाव शोधायचं होतं.

डोळ्यांना न दिसणारी वस्तू ओळखायची कशी? वजन करून! हिंगोलीच्या मार्केटात हळदीचं पोतं काट्यावर चढतं, तसं प्रथिनही चढतं, फक्त काटा निराळा. लेझरच्या झोताने प्रथिन उडवायचं आणि विजेच्या ओढीने पळवायचं. हलकं आधी पोचतं, जड मागून येतं. लागलेल्या वेळेवरून वजन कळतं. अडचण एकच होती : लेझरने प्रथिनाचे तुकडे व्हायचे. 1985 साली जपानच्या क्योतोमध्ये कोइची तानाका या तरुण इंजिनिअरने कोबाल्टच्या पुडीत चुकून ग्लिसरीन ओतलं. टाकून कशाला द्यायचं, म्हणून त्याने तेच मिश्रण वापरून पाहिलं, आणि त्या वाटेने पुढे अखंड प्रथिनं हवेत तरंगली! 2002 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये तानाका वाटेकरी झाले.

बुरशीला चिकटलेल्या प्रथिनाचे विकराने ठरावीक जागी तुकडे केले आणि त्या तुकड्यांची वजनं केली. वजनांची ही यादी म्हणजे प्रथिनाच्या अंगठ्याचा ठसाच. 2010 मध्ये निकाल छापून आला : जीआरपी 78. यातला आकडा म्हणजे त्याचं वजनच, हायड्रोजनच्या अणूच्या साधारण 78 हजार पट! हे आपल्याच पेशीतलं सेवाभावी प्रथिन आहे. नव्या प्रथिनांच्या घड्या नीट घालणं हे त्याचं काम. साखर हाताबाहेर गेली, रक्तात आम्ल आणि मोकळं लोह वाढलं, की ते पेशीच्या पृष्ठभागावर जास्त दिसू लागतं. बुरशी नेमकी तीच कडी धरते.

कडी धरणारा बुरशीचा हातही सापडला : कॉटएच नावाचं प्रथिन. ते याच कुळातल्या बुरश्यांकडे आहे, माणसाकडे नाही. याचं एवढं महत्त्व का? कारण बुरशी वनस्पतींपेक्षा आपल्याला जवळची! तिच्या आणि आपल्या पेशींत इतकं साम्य, की तिला मारणारं औषध आपल्यालाही बाधतं. अँफोटेरिसिन बुरशीचं आवरण फोडतं, पण मूत्रपिंडालाही चटका देतं. फक्त कॉटएचला पकडणारी प्रतिपिंडं दिली, तर? उंदरांवर हे करून पाहिलं. बुरशीचा शिरकाव रोखला गेला, पांढऱ्या पेशी तिला अधिक जोमाने गिळू लागल्या आणि उंदीर वाचले. माणसांसाठी औषध होण्याआधी पुढच्या चाचण्या आहेत, पण नेम कुठे धरायचा ते आता कळलं आहे.

एक कोडं मात्र उरलं होतं. मेलेली बुरशीसुद्धा पेशींना इजा करत होती. हे कसं? 2021 मध्येच उत्तर मिळालं : तिच्या अंगात म्युकोरिसिन नावाचं विष आहे. ते रायसिनसारखं, म्हणजे बांधावरच्या एरंडाच्या बीमधल्या विषासारखं आहे! दोन्ही विषं पेशीतले प्रथिनं घडवणारे कारखानेच बंद पाडतात. साम्य इतकं, की रायसिनविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं म्युकोरिसिनलाही ओळखतात. कुठे भाकरीवरची लव, कुठे बांधावरचं झाड, आणि शस्त्र एकच!

ओसाड गावी एरंड बळी, असं आपण म्हणत आलो. बुरशीची हकिकत याहून नेमकी कुणाला सांगता येईल? साखरेने आणि स्टेरॉइडने पांढऱ्या पेशींचं गाव ओस पडतं, तेव्हाच हा एरंड माजतो. गाव नांदतं असेल, तर तीच बुरशी श्रावणातल्या भाकरीवर मुकाट उगवते, आणि आपण ती भाकरी उकिरड्यावर टाकून येतो.