पडद्याचा उजेड आणि डोळ्यांचा हक्क

मुलांचा अभ्यास, स्कॉलरशिपचे अर्ज, दुकानाचे बिलिंग, घरबसल्या केलेले टायपिंगचे काम, असरनंतरचा ऑनलाइन कुरआन क्लास. आपल्या घरांत कॉम्प्युटरचा पडदा आता सकाळपासून इशापर्यंत चालू असतो. त्याबरोबर एक तक्रारही घरोघरी ऐकू येते. डोळे चुरचुरतात, जड होतात, त्यांतून पाणी येते, संध्याकाळी कपाळ ठणकते आणि मान आखडते. पडद्यावरून नजर काढून खिडकीबाहेर पाहिले, तर काही क्षण दूरचे धूसर दिसते. डॉक्टर याला ‘डिजिटल आय स्ट्रेन’ म्हणतात.

ही तक्रार झाली की घरात सहसा दोनच उपाय सुचतात: एक तर कॉम्प्युटर बंद करा, नाही तर महागडा ‘ब्ल्यू कट’ चष्मा आणा. पण पहिला उपाय पैसा न लागणारा आणि दहा मिनिटांचा आहे. आपल्या खोलीला आणि आपल्या डोळ्यांना जुळेल असा पडदा लावून घेणे, हाच तो उपाय. नवा मॉनिटर घरी येतो तेव्हा बहुधा तो फार भडक असतो, कारण दुकानाच्या झगमगाटात तो उठून दिसावा लागतो. आपल्या घरात एका ट्यूबलाइटखाली तोच पडदा दिव्यासारखा डोळ्यांवर येतो, आणि बरेच लोक वर्षानुवर्षे तो तसाच वापरतात.

उजेड किती ठेवावा?

यासाठी एका कोऱ्या कागदाची गरज आहे. पडद्यावर वर्डचे कोरे पान उघडा आणि पांढरा कागद पडद्याशेजारी धरा. पडद्यावरचे पान कागदापेक्षा खूप चमकत असेल, तर ब्राइटनेस कमी करा. ते मळकट, करडे दिसत असेल, तर वाढवा. दोन्ही जवळपास सारखे दिसले की झाले. लॅपटॉपवर हे काम कीबोर्डच्या वरच्या रांगेतील सूर्याचे चित्र असलेल्या बटणांनी होते. डेस्कटॉपच्या मॉनिटरवर मात्र त्याच्याच खालच्या किंवा मागच्या बाजूची बटणे दाबून मेनू उघडावा लागतो. त्याच मेनूत ‘व्हिव्हिड’, ‘गेम’, ‘मूव्ही’ असे मोड असतात. वाचन-लेखनासाठी ‘स्टँडर्ड’ किंवा ‘रीडिंग’ मोड बरा.

दुपारचा उजेड आणि रात्रीचा उजेड वेगळा, म्हणून ही तपासणी दिवसातून दोनदा करावी. खोलीतला दिवा घालवून अंधारात पडद्यापुढे बसू नये. भोवती काळोख आणि मधोमध एक प्रखर चौकोन, याने डोळ्यांवर ताण येतो. घरच्यांची झोप मोडू नये म्हणून दिवा घालवलाच, तर पडद्याच्या मागे भिंतीकडे तोंड केलेला छोटा दिवा लावावा.

खिडकी कोणत्या बाजूला आहे?

सुमारे एक हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैसम यांनी ‘किताबुल मनाज़िर’ या ग्रंथात प्रकाश आणि दृष्टी यांचा अभ्यास मांडला. प्रखर प्रकाशाकडे पाहिल्यास डोळ्याला वेदना होते आणि तीव्र उजेड असला की मंद वस्तू दिसेनाशा होतात, हे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. दिवसा आकाशात तारे असूनही दिसत नाहीत, ते याचमुळे.

आपल्या टेबलावरही हेच घडते. पडद्याच्या मागे खिडकी असेल, तर बाहेरचा उजेड थेट डोळ्यांत शिरतो. आपल्या पाठीमागे खिडकी असेल, तर तिचे प्रतिबिंब पडद्यावर पडून अक्षरे पुसट होतात आणि आपण नकळत डोळे बारीक करून वाचू लागतो. म्हणून खिडकी आपल्या उजव्या किंवा डाव्या हाताला येईल, असे टेबल फिरवावे. खोली लहान असल्याने टेबल हलत नसेल, तर खिडकीला जाडसर पडदा लावावा आणि मॉनिटर थोडा तिरका करावा. बंद पडद्यात ट्यूबलाइट दिसते का, हे पाहिले की प्रतिबिंब कुठून येते ते लगेच कळते.

अक्षरे मोठी करा

लहान अक्षरांसाठी माणूस पुढे वाकतो. डोळा थकतो आणि मानही दुखते. विंडोज 10 किंवा 11 असेल, तर मोकळ्या पडद्यावर माउसचे उजवे बटण दाबून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडा. तेथे ‘स्केल’ 125 किंवा 150 टक्के करा. ‘रिझोल्यूशन’ मात्र जेथे ‘रेकमेंडेड’ लिहिले आहे, तेच ठेवा. अक्षरे मोठी व्हावीत म्हणून अनेक जण रिझोल्यूशन कमी करतात. त्याने अक्षर मोठे होते, पण कडा फुटतात आणि ते धूसर दिसते. इंटरनेटवर वाचताना कंट्रोल बटण दाबून अधिकचे चिन्ह दाबले तरी पान मोठे होते.

आकार पुरेसा आहे का, हे ठरवण्याची एक सोपी कसोटी आहे. नेहमी बसता त्याच्या तिप्पट अंतरावर जा. तेथून अक्षरे कशीबशी का होईना वाचता आली, तर आकार योग्य आहे.

मराठी आणि उर्दू वाचणाऱ्यांना ही गोष्ट जास्त लागू आहे. मराठीत रेषेच्या वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरे. उर्दूच्या नस्तालीक लिपीत तर शब्द तिरका उतरत येतो आणि सारा अर्थ नुक्त्यांवर अवलंबून असतो. ‘बे’चा एक नुक्ता आणि ‘पे’चे तीन नुक्ते लहान अक्षरात एकच ठिपका वाटतात. इंग्रजीला 12 पॉइंट पुरतो, म्हणून उर्दूलाही पुरेल असे समजू नये. मुलांना पडद्यावर उर्दू वाचायला देताना 18 पॉइंट किंवा त्याहून मोठे अक्षर द्यावे.

घरात जुना मॉनिटर असेल आणि तो निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलने जोडलेला असेल, तर अक्षरांभोवती सावली दिसू शकते. मॉनिटरच्या मेनूतील ‘ऑटो अ‍ॅडजस्ट’ एकदा दाबून पाहा. बऱ्याचदा तेवढ्यानेच अक्षर स्पष्ट होते.

मगरिबनंतरचा पिवळसर पडदा

त्याच डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ‘नाईट लाईट’ नावाची सोय आहे. तिला ‘सूर्यास्त ते सूर्योदय’ असे नेमून दिले, की मगरिबच्या सुमारास पडदा आपोआप पिवळसर होतो. संध्याकाळनंतरचा निळसर प्रखर प्रकाश मेंदूला अजून दिवसच असल्याचा इशारा देतो आणि झोप लांबते. झोप लांबली की फजरला उठणे जड जाते. पिवळसर पडदा थोडी मदत करतो, पण झोपण्यापूर्वी तासभर पडदा बंद ठेवण्याची बरोबरी त्याला येत नाही.

ब्ल्यू कट चष्म्याबद्दलही येथेच सांगायला हवे. अशा चष्म्यांवर झालेल्या 17 चाचण्यांचा आढावा ‘कॉक्रेन’ या वैद्यकीय आढावे घेणाऱ्या संस्थेने 2023 मध्ये प्रसिद्ध केला. साध्या चष्म्याच्या तुलनेत या चष्म्यांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो, असे त्यात आढळले नाही. पडद्यापुढे डोळे थकतात ते मुख्यतः जवळ एकटक पाहिल्याने आणि पापण्या न मिटल्याने. तेव्हा त्या जादा पैशांत डोळ्यांची नीट तपासणी करून घेतलेली बरी.

अंतर, उंची आणि पापण्या

पडदा एका हाताच्या अंतरावर, म्हणजे सुमारे दोन फुटांवर असावा. त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली असावी. नजर थोडी खाली गेली की पापणी डोळा जास्त झाकते आणि तो कमी सुकतो. चाळिशी लागलेल्यांनी, विशेषतः दोन भागांची काच वापरणाऱ्यांनी पडदा आणखी खाली घ्यावा. नाही तर खालच्या काचेतून पाहण्यासाठी हनुवटी वर करावी लागते आणि दिवसअखेर मान धरते.

माणूस एरवी मिनिटाला सुमारे पंधरा वेळा पापण्या मिटतो. पडद्यापुढे हे प्रमाण पाच-सातवर येते. डोळे चुरचुरतात ते यामुळे. उन्हाळ्यात टेबलफॅन थेट तोंडावर असेल, तर आणखी सुकतात. पंख्याची दिशा बदला, आणि दर वीस मिनिटांनी वीस फूट दूरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहा. नमाजची वेळ झाली की ‘एवढे संपवून उठतो’ न म्हणता लगेच उठले, तर दिवसातून काही वेळा डोळ्यांना आणि पाठीला मोठी सुट्टीही मिळते. मुलांना रोज मोकळ्या उजेडात खेळू द्यावे. उन्हा-उजेडात वेळ घालवणाऱ्या मुलांना लांबचा नंबर लागण्याची शक्यता कमी असते.

जे सेटिंगने होत नाही

एवढे करूनही दोन-तीन आठवड्यांत डोकेदुखी थांबली नाही, तर पडद्याला दोष देणे सोडून डोळे तपासायला हवेत. दहावी झालेल्या आमच्या एका विद्यार्थिनीने कॉम्प्युटरचा क्लास मध्येच सोडला होता. रोज डोके दुखते म्हणून घरच्यांनीच तिला काढले होते. तिच्या अम्मीला डोळे तपासण्याबद्दल विचारले, तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, “टीचर, मुलीला चष्मा लागला तर उद्या स्थळं कुठून येणार?” बऱ्याच समजावणीनंतर त्या तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. मुलीला तिरका नंबर निघाला. चष्मा लागला, डोकेदुखी गेली आणि ती पुढच्या बॅचला पुन्हा क्लासला बसली.

ही भीती एकाच घरातली नाही. मुलाला चष्मा लागला तर ‘अभ्यासू आहे’ म्हणायचे आणि मुलीचा चष्मा मात्र पाहुणे आले की लपवायचा, हा दुजाभाव आपल्या अनेक घरांत आहे. चष्मा न लावल्याने नंबर जात नाही, अक्षर मात्र हातून जाते. मुलगी मागे पडते आणि आपण म्हणतो, हिला अभ्यासात गोडी नाही.

घरगुती उपायांतही सावधगिरी हवी. बाजारातल्या काही सुरम्यांत शिसे आढळले आहे. लहान मुलांना तर ते फारच घातक. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने ड्रॉप आणू नयेत. त्यांत स्टेरॉइड असेल आणि ते दीर्घकाळ घातले, तर काचबिंदू किंवा मोतीबिंदू होऊ शकतो. डोळा लाल होऊन दुखणे, अचानक कमी दिसणे, दिव्याभोवती वलये दिसणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

एक सहाबी रोज रोजे ठेवत आणि रात्रभर इबादत करत, तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना शरीराचा आणि डोळ्यांचाही माणसावर हक्क असल्याची आठवण करून दिली. इबादतीतही जर हा हक्क राखायचा आहे, तर टायपिंग, बिलिंग आणि अभ्यासात तो का राखू नये? या शुक्रवारी घरातला कॉम्प्युटर उघडा, एक कोरा कागद घ्या आणि मुलांना सोबत बसवून पडदा नीट लावा. घरात ज्याचे डोके वारंवार दुखते, मग तो मुलगा असो वा मुलगी, त्याची तपासणी याच महिन्यात करून घ्या.